काट्यावरचा भीमा

करणने संगणकातली जुनी हत्यारं काढून नवी बसवली, खुर्चीत मागे रेलला आणि बन्सीला म्हणाला, "झालं काका. आता चहा सांगा." त्याच वेळी बाहेर धुक्यात, उसाच्या गाड्यांच्या रांगेसमोरच्या मोठ्या बोर्डावर लाल अक्षरं उमटली. "मी आत आलो."

सकाळचे साडेसहा वाजले होते. श्रीगोंदा तालुक्यातल्या त्या साखर कारखान्याच्या आवारात धुकं आणि चिमणीचा धूर यांची अशी सरमिसळ झाली होती की बैलाचं तोंड दिसलं तर शेपूट दिसत नव्हतं. रांगेतली पहिली बैलगाडी पाथर्डीकडच्या गहिनीनाथची. त्याची बायको बायडाबाई गाडीवर, उसाच्या मोळ्यांवर गोधडी पांघरून बसली होती. एरवी त्या बोर्डावर गाडीचा नंबर यायचा आणि त्या नंबरच्या गाडीने वजनकाट्यावर जायचं, असा शिरस्ता होता. गहिनीनाथ चौथी शिकलेला. त्याने मोठ्याने वाचलं.

"कोन आलं?" बायडाबाईने विचारलं.

"काय की. नाव न्हाई लिव्हलं."

बोर्ड विझला आणि पुन्हा पेटला. "कोणीतरी आहे."

"आता?"

"म्हनतंय कुनीतरी हाय."

बायडाबाईने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. मागच्या तीस-चाळीस गाड्यांमध्ये आधी हसणं झालं, मग कुजबुज झाली आणि बोर्डावर "थांबलो आहे" असं आल्यावर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांशिवाय काहीच ऐकू येईना.

काटा म्हणजे रस्त्याच्या पातळीत बसवलेली लोखंडी प्लेट. भरलेली गाडी तिच्यावर उभी राहिली की शेजारच्या केबिनमधल्या संगणकावर वजन दिसायचं. हे वजन घ्यायचा प्रोग्राम भीमा मोटे नावाच्या माणसाने बावीस वर्षांपूर्वी एकट्याने लिहिला होता. मधल्या काळात संगणक तीनदा बदलले, चेअरमन पाचदा बदलले, पण भीमाचा प्रोग्राम तोच राहिला. प्रोग्राम आजारी पडला की भीमा जुन्या प्रणालीत मुळातच बसवलेलं चुका शोधायचं हत्यार उघडायचा. डीबगर म्हणतात त्याला. त्यात डोकं घालून तो तासभर बसायचा, स्वतःशी पुटपुटायचा आणि काटा बरा करून उठायचा. दुसऱ्या कोणी ते हत्यार कधी उघडलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत भीमा त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हार्ट अटॅक. डोळ्यांवरचा चष्मासुद्धा हलला नव्हता.

आता नवी प्रणाली ती जुनी हत्यारं मुळी ओळखतच नव्हती. म्हणून कारखान्याने नगरहून करणला बोलावलं. काट्याचा क्लार्क बन्सी लगड त्याला पहिल्या मिनिटापासून सांगत होता, "साहेब, भीमाची हत्यारं हायेत ती. त्याच्या माघारी कुनी हात लावला न्हाई."

"काका, ती भीमाकाकांची नाहीत, सिस्टिमची आहेत. आणि ज्यांनी सिस्टिम बनवली त्यांनीच ती आता काढून टाकली."

"त्येंनी काढली आसत्याल. त्येंना काय म्हाईत हितं कोन बसायचं."

करण हसला आणि कामाला लागला. नव्या हत्याराने बसताना चार प्रश्न विचारले. करणने ते वाचले न वाचले आणि चारही वेळा 'होय' दाबलं. आपण सगळे हेच करतो, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

बन्सीने पहिल्या गाडीचा नंबर टाकला. गाडी आली नाही. पुन्हा टाकला. तरी नाही. "झोपले काय भडवे," म्हणत तो बाहेर आला आणि त्याने बोर्डाकडे मान वर केली.

"गाडी नाही. तरी वजन आहे."

बन्सीने काट्याकडे पाहिलं. प्लेट रिकामी होती. तिच्यावरून धुकं सरकत होतं.

"मला दिसत नाही," बोर्ड म्हणाला.

बन्सीच्या अंगावर सरसरून काटा आला. भीमाचा चष्मा केबिनच्या ड्रॉवरमध्ये होता. घरच्यांना द्यायचा राहून गेला होता. "आरं, ड्रॉवरात हाय की रं चष्मा," तो रिकाम्या प्लेटला म्हणाला. आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा चाळीस गाडीवान त्याच्याकडे बघत होते.

"कुनाचा चष्मा?" गहिनीनाथने विचारलं.

बन्सीने सगळं सांगितलं. सांगू नये ते मिठमसाला लावून सांगायची खोड त्याला होतीच. बायडाबाईने ऐकून घेतलं आणि गाडीवरूनच शांतपणे प्रश्न केला. "धाव्याला कावळा शिवला हुता का?"

बन्सीचा चेहरा पडला. "न्हाई. दोन तास बसलो घाटावर. कावळा फांदीवर, पन खाली उतरंना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला."

"मंग काय तर," बायडाबाई म्हणाली. "त्यो गेलाच न्हाई."

ही बातमी रांगेच्या शेवटापर्यंत पोचायला चार मिनिटं लागली. त्यानंतर एकही गाडीवान काट्यावर बैल घालायला तयार होईना. मेलेल्या माणसाच्या अंगावरून गाडी न्यायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कारखान्याच्या कुठल्याही नियमात नव्हतं. बन्सीने चष्मा आणून प्लेटच्या मधोमध ठेवला. बोर्डावर आलं, "अजून इथेच आहे."

करण केबिनमध्येच होता. त्याच्या समोरचा पडदा स्वच्छ होता, एक चूक नाही, एक संदेश नाही. काम इतकं बिनबोभाट झाल्याचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटत होतं. चहा का येत नाही एवढीच त्याची तक्रार होती.

साडेनऊला कारखान्यातला ऊस संपत आला. गव्हाण रिकामी पडली, गाळप थांबायची वेळ आली, तेव्हा एमडी रविराज साहेब स्वतः काट्यावर आले. साहेब पुण्याचे इंजिनिअर. त्यांनी बोर्ड पाहिला, बन्सीचं ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी सायन्सचा माणूस आहे. ही प्लेट आहे, लोखंड आहे. हे बघा, मी उभा राहतो." आणि ते बूट वाजवत प्लेटवर जाऊन उभे राहिले.

"वजन वाढले," बोर्ड म्हणाला. "कोणीतरी आहे."

साहेब ज्या वेगाने खाली उतरले तो वेग कारखान्याने त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. घसा खाकरून ते म्हणाले, "भीमाच्या मिसेसना आणा. माझी जीप न्या."

भीमाची बायको बनुबाई गेली दोन वर्षं दर सोमवारी साहेबांच्या ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर येऊन बसत होती. भीमा नोकरीत असताना गेलेला, तेव्हा वारस म्हणून मुलीला, निकिताला, घ्यावं असा अर्ज होता. पोरगी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरी बसलेली. अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. साहेब कधी मीटिंगमध्ये असायचे, कधी फाईल मीटिंगमध्ये असायची. बनुबाई पाच वाजेपर्यंत बसायची आणि पुढच्या सोमवारी पुन्हा यायची. नोकरी मिळाली नाही तर पोरीला जमेल त्या घरी देऊन टाकायची, असं दिराने ठरवलं होतं आणि त्याने दिलेली मुदत या महिन्याअखेर संपत होती. हे साहेबांनाही माहीत होतं, कारण तिने ते तीनदा सांगितलं होतं.

जीपमधून उतरताना तिने बोर्ड पाहिला. तिला वाचता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून बन्सीने वाचून दाखवलं. "वयनी, भीमा म्हनतोय, अजून हितंच हाय."

बनुबाईने पदर नीट केला. "मंग जातील कुठं," ती एवढंच म्हणाली.

मारुतीच्या देवळातला गुरव आला. आधीच्या कावळ्यात खोट राहिली, तेव्हा पिंड पुन्हा ठेवायचा आणि मेलेल्याच्या मनात काय अडकलंय ते विचारून ज्याने त्याने शब्द द्यायचा, असं त्याने सांगितलं. भात कॅन्टीनमधून मागवला. कॅन्टीनमध्ये त्या दिवशी मसालेभात होता.

"चालंल का?" बन्सीने विचारलं.

"त्याला आवडत हुता का?"

"लई."

मग मसालेभाताचा पिंड झाला. बायकामाणसाने पिंडापाशी थांबायचं नसतं, म्हणून बनुबाईला केबिनमध्ये बसवलं आणि दार लोटून घेतलं. बायडाबाईलाही गाडीवरून तोंड फिरवायला सांगितलं, पण तिने ऐकलं नाही. ज्याने जुनी हत्यारं काढली त्याने नारळ धरायचा, असंही गुरवाने ठरवलं. करणला दोघांनी दंडाला धरून बाहेर आणलं, हातात नारळ दिला आणि प्लेटवर उभं केलं. तिथे त्याने आयुष्यात पहिल्यांदा तो बोर्ड पाहिला.

"पुन्हा येतो," बोर्डावर होतं.

करण दचकला. पण दुसऱ्याच क्षणी त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो ओरडला, "अहो, हे डीबगचे मेसेज आहेत! प्रोग्राम कुठपर्यंत पोचला ते कळावं म्हणून भीमाकाकांनीच आत पेरून ठेवलेत! जुनं हत्यार ते स्वतःच्या खिडकीत ठेवायचं, नवं या वायरीवरून बोर्डावर पाठवतंय! प्लेटवर चिखल साठलाय म्हणून वजन दाखवतंय, कॅमेरा बंद आहे म्हणून दिसत नाही म्हणतंय!"

"भीमानंच पेरलेत म्हनतोय," कोणीतरी मागच्याला सांगितलं.

"म्हंजी त्याचंच बोलनं हाय ना?" गहिनीनाथने विचारलं.

"हो, म्हणजे त्यांनी लिहिलेलं, पण..."

"झालं मंग. नारळ सरळ धरा."

करणने नारळ सरळ धरला. समोर साठ माणसं हात जोडून उभी होती आणि त्यातली पाच, साहेबांसकट, प्लेटवर होती. बोर्डावर "वजन वाढले" येत राहिलं. धुकं विरळ झालं होतं, पण ऊन पडत नव्हतं. दिव्याच्या खांबावर एक कावळा येऊन बसला आणि मान वाकडी करून मसालेभाताकडे बघू लागला.

"बोला," गुरव म्हणाला.

बन्सी पुढे झाला. "भीमा, तुझी छत्री माझ्याकडं हाय. तू गेल्यावर मी न्हेली. आजच घरी पोचवतो."

"अजून इथेच आहे."

गेटवरचा वॉचमन म्हणाला, "भीमातात्या, तुमी डुलकी काढता म्हनून वर चुगली मी केल्ती. चुकलं."

"थांबलो आहे."

कावळा खांबावरून हलेना. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हात जोडले. "भीमा, तुझा फोटो आम्ही ऑफिसात लावू."

"मला दिसत नाही."

"मोठा लावू. तुझ्या नावाने दरवर्षी रक्तदान शिबिर घेऊ."

"अजून इथेच आहे."

"काट्याला तुझं नाव देऊ."

बोर्ड विझला. बराच वेळ विझलेला राहिला. बैल फुरफुरायचे तेवढाच आवाज. करणला वाटलं, प्रोग्राम बंद पडला असावा, आता सुटलो. आणि मग लाल अक्षरं एकेक करून उमटायला लागली. आधीची सगळी वाक्यं एकदम यायची, ही तशी आली नाहीत. एक अक्षर आलं, थांबलं, पुसलं गेलं, पुन्हा आलं. आंधळा माणूस चाचपडत जिना उतरतो तशी ती अक्षरं येत होती. शेवटी एक शब्द पुरा झाला आणि तसाच राहिला.

"निकिता."

कोणी वाचून दाखवलं नाही. बायडाबाईने नवऱ्याला ढोसलं तेव्हा त्याने तिच्या कानात सांगितलं. साहेबांच्या कपाळावर थंडीत घाम आला होता. करणने नारळ आता आपणहून सरळ धरला, कारण प्रोग्राम कुठपर्यंत पोचला हे सांगायला कोणी असला शब्द पेरत नाही.

"घेतो," साहेब म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "घेतो भीमा. तुझ्या पोरीला घेतो. पुढच्या मीटिंगमध्ये..."

शब्द बोर्डावर तसाच होता. हलत नव्हता.

"आजच! आज ऑर्डर काढतो!"

"सायेब," गहिनीनाथ नम्रपणे म्हणाला, "लिवून द्या. खाली उतरायच्या आदी."

साहेबांनी प्लेटवर उभ्या उभ्या, बन्सीच्या पाठीवर कागद ठेवून ऑर्डर लिहिली. सही केली, तारीख टाकली, तालुक्याचं नावसुद्धा चुकवलं नाही. मग गुरवाने सगळ्यांना मागे वळून न बघता खाली उतरायला सांगितलं. सगळे उतरले. कावळ्याने खांब सोडला, थेट पिंडावर झडप घातली आणि घशाखाली उतरवता येईल तेवढा मसालेभात घेऊन गेला. बोर्डावर आलं, "जातो."

साठ माणसांच्या तोंडून एकदमच सुस्कारा निघाला. बन्सी ढसाढसा रडला. केबिनचं दार उघडून बनुबाई बाहेर आली, तिच्या हातात ऑर्डर दिली, तेव्हा तीही रडली. प्लेटवर पाणी मारलं, चिखल धुऊन निघाला आणि गहिनीनाथने बैलांना हाक दिली. बाराच्या आत गव्हाणीत ऊस पडायला लागला.

दुपारी साहेबांनी करणला ऑफिसात बोलावलं. चहा आणि सायन्स दोन्ही परत आलं होतं. करणने वायरीची चूक कबूल केली, भीमाचे नऊही संदेश प्रोग्राममध्ये कुठे कुठे आहेत ते दाखवलं. शेवटचं 'जातो' हे प्रोग्राम बंद होताना यायचंच होतं. साहेबांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांची नजर फोनकडे वळली. ऑर्डर अजून रजिस्टरला चढलेली नव्हती.

"म्हणजे हा सगळा मूर्खपणा होता."

"हो सर."

"आणि ते निकिता? तेही त्याने लिहिलेलं होतं?"

करणने मान हलवली. "नाही सर. प्रोग्राम दोनदा चाळला. त्यात ते नाव कुठेच नाही."

साहेबांनी फोनकडे नेलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "ऑर्डर आहे तशी राहू दे. पण तो शब्द कुठून आला ते शोधा. लेखी रिपोर्ट द्या."

दोन दिवसांनी दुपारी करण काट्याच्या केबिनमध्ये रिपोर्ट लिहीत बसला होता. निकिता रुजू झाली होती आणि बन्सीकडून काम शिकायला गेटवर गेली होती. करणने नव्या हत्यारातली नोंद उघडली. जुन्यात हे नव्हतं. नव्यात मात्र संगणकावर दाबलेली प्रत्येक कळ वेळेसकट लिहिली जायची. त्या दिवशी अकरा वाजून बारा मिनिटांनी कोणीतरी बोर्डावर लिहायची खिडकी उघडली होती. एक नाव लिहायला सात मिनिटं लागली होती. चार वेळा चुकलं होतं, चार वेळा पुसलं होतं. करण त्या ओळीकडे बघत राहिला. अकरा ते साडेअकरा केबिनमध्ये कोण होतं हे त्याला आठवायला वेळ लागला नाही.

दार वाजलं. बनुबाई पेढ्यांचा डबा घेऊन उभी होती.

"घ्या दादा. निकीच्या नोकरीचे."

करणने पेढा घेतला. मग हळूच विचारलं, "मावशी, तुम्हाला लिहिता येतं?"

"न्हाई बाबा. साळंचं तोंड न्हाई बघितलं मी." तिने डब्याचं झाकण लावलं. "दोन नावं तेवढी येत्यात. माझं आन् निकीचं. पावसाळ्यात कारखाना बंद आसला तरी ह्येंची ड्युटी आसायची हितं. मी डबा घिऊन यायची. तवा बोट धरून ह्याच कळांवर शिकवलं. माझं नाव त्या बोर्डावर लिव्हायचे आन् म्हनायचे, जा, भाईर जाऊन बघून ये."

करणची नजर नोंदीतल्या त्या सात मिनिटांकडे गेली. पेढा त्याच्या हातात तसाच होता.

बनुबाईने पडद्याकडे पाहिलं. ओळींमागून ओळी होत्या. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण करणचा चेहरा तिला वाचता आला. "ह्या नव्या मशिनीत समदं उमटतं म्हनं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "सायबाला दिसंल का ह्ये?"

करणने आदल्या दिवशीच साहेबांना याच नोंदीची बावीस पानं स्वतः न वाचताच छापून दिली होती. त्यात अकरा वाजून बारा मिनिटांची ओळही होती. प्रत्येक पानावर 'पाहिले' असा शेरा आणि सही होऊन ती पानं परत आली होती.

"दिसलं मावशी," तो म्हणाला. "पण साहेबांना यातलं एक अक्षर वाचता येत नाही."

बनुबाईने तोंडाला पदर लावला. ती इतकी हसली की तिला दाराचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसून तिने डबा पुन्हा पुढे केला. "आजून एक घ्या. ह्येंच्या वाटचा."

करणने तो पेढा घेतला, तोंडात टाकला आणि रिपोर्टच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'कारण सापडले नाही.'